मागच्या खोलीतले गणपती

वाचनालयाच्या मागच्या खोलीत रजनीने मातीकामाचा वर्ग सुरू केला, तेव्हा सचिव बबनराव एवढंच म्हणाले होते, "पुस्तकांना चिखल लागता कामा नये." रजनी तिथली ग्रंथपाल. नोकरी बबनरावांनी दिलेली. तिचे अप्पाही त्यांच्याच कापसाच्या जिनिंगात कारकून. उन्हाळाभर दर रविवारी तेरा-चौदा वर्षांची पोरं-पोरी पैनगंगेकाठची माती मळून मनाला येईल ते घडवत. डोमाजी गवंड्याच्या कौसल्येने बसलेली म्हैस केली होती. ती इतकी सुस्त, की बघणाऱ्याला शेपूट पिळून उठवावीशी वाटे.

श्रावण लागला आणि बबनराव खोलीत आले. "यंदा गणपती आपल्याच पोरांच्या हातचे. प्रत्येकानं एक. न करणाऱ्याचं इथं काम नाही."

पुढच्या रविवारी डोमाजी दारात उभा राहिला.

"बाई, आमी दीक्षा घेतली, देव सोडले. पोरगी गनपती नाही बनवनार."

"गणपती नको," रजनी घाईने म्हणाली. "तिनं नुसता उंदीर करावा."

"उंदीर तरी कोनाचा व्हय बाई?" डोमाजी शांतपणे म्हणाला.

कौसल्येने परकराला हात पुसले, म्हैस उचलली आणि बापामागे चालू लागली.

रजनी त्याच दिवशी बबनरावांकडे गेली. "त्या मुलीला सूट द्या."

"एकीला दिली की उद्या दहा मागतील. तुझ्या अप्पांना विचार, जिनिंगात असं चालतं का."

अप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. "रजनी, तुझ्या पाठच्या दोघींची लग्नं व्हायची आहेत."

रविवारी रजनीने पोरांना माती वाटली. गणपती झाले, गावाने वाखाणले. बबनराव खूश होऊन अमरावतीहून देवीचे साचे घेऊन आले. आता नवरात्र, मग दरसालचंच.

न राहवून एका संध्याकाळी ती डोमाजीकडे गेली. त्याने चहा दिला. "रविवारी मीच इथं येत जाईन," ती म्हणाली, "अंगणात शिकवीन." कौसल्येचा चेहरा फुलला. डोमाजीने मात्र विचारलं, "घरचे येऊ देतीन तुमाले?"

"येईन," ती म्हणाली.

रविवारी ती निघाली तेव्हा अप्पा ओट्यावरच बसले होते. "वाचनालयातच ना?"

अंगणात वाट बघणारी कौसल्या तिच्या डोळ्यांपुढे आली.

"हो," ती म्हणाली, आणि पाय वाचनालयाकडेच वळले.

मागच्या खोलीत पोरं साच्यांत माती भरत होती. सगळ्या देव्या एकाच तोंडवळ्याच्या निघत होत्या. शोभा नावाच्या पोरीने मान वर करून विचारलं, "बाई, कौसल्या काहून नाही येऊन राह्यली?"

"साचा नीट दाब," रजनी म्हणाली, "कडा सुटताहेत."