रजिस्टरमधलं दोन ऑक्टोबर

शुभंकरच्या आकड्यांशेजारी माझे आकडे ठेवून कृष्णमूर्ती सर म्हणाले, "कस्तुरी, तुझा हात खराब आहे."

हात खराब! तीन वर्षं पहाटे पाचला उठून चामराजपेटहून थर्मासात रक्त घेऊन येणारा हात खराब. सरांनी हे संशोधनाच्या खोलीत, सगळ्यांसमोर सांगितलं. शुभंकर टेबलाला टेकून उभा होता. त्याने तोंड पाडलं खरं, पण मला काय कळत नाही होय? आतून गुदगुल्या होत होत्या मेल्याला.

आमचं काम सांगते. बोकडाच्या रक्तातल्या लाल पेशी धुवायच्या आणि कमी मिठाच्या गार पाण्यात सोडायच्या. पेशी फुगते, फाटते, आतलं लाल सगळं सांडून जातं आणि मागे एक पांढुरकी रिकामी पिशवी उरते. तिच्यात औषध भरायचं. मग पाण्यात मीठ वाढवून ते तासभर कोमट ठेवलं की पिशवीचं तोंड पुन्हा मिटतं. आम्ही भरत होतो ते कॅन्सरचं औषध. सुटं दिलं तर ते चांगल्या पेशींनाही मारतं. पिशवीतून दिलं तर हळूहळू बाहेर पडेल, माणूस कमी भोगेल, अशी आशा. सगळा प्रश्न एकच, पिशवी गळते किती?

माझी गळत होती. दोन तासांत निम्म्याहून जास्त औषध बाहेर. वीस वेळा केलं, वीसही वेळा तेच. शुभंकरची पिशवी चोवीस तासांत जेमतेम दहावा भाग गळायची. त्याचे आकडे इतके सरळ की पट्टी लावून काढल्यासारखे. सरांना पुढच्या महिन्यात परिषदेत निबंध वाचायचा होता, एक औषध कंपनीही डोळे लावून बसली होती. गळणारी पिशवी कोणाला हवी?

"तुझे आकडे प्रबंधात गेले तर परीक्षक आपल्याला हसतील," सर म्हणाले. "शुभंकरचे आकडे घे, खाली दोघांची नावं घालू. नाहीतर तुझं काम मी पुढे पाठवू शकत नाही. सरी, ठीक आहे?"

सरी कसलं डोंबल! म्हणजे तीन वर्षं पाण्यात, नाहीतर दुसऱ्याचे आकडे माझ्या नावावर. डॉक्टरेट हवी असेल तर गप्प बस, असा सरळ सौदा.

बाहेर आल्यावर शुभंकर मागे मागे आला. पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी आलेला, राजाजीनगरात खोली घेऊन राहणारा. "अगं, एवढं पर्सनली का घेतेस? टेक्निकचा इश्यू आहे. मी तुला शिकवतो ना."

"तू शिकव हं," मी म्हटलं. "पेशी कशी धरायची ते खाटकाच्या पोरीला शिकव."

तो हसला. त्याला वाटलं मी बोलायचं म्हणून बोलले. पण ते खरंच होतं. आम्ही आरे मराठी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखात राहिलेले मराठे; इथे बेंगळूरात मटणाचा धंदा. घरात मराठी, दुकानात कन्नड. चामराजपेटमध्ये माझ्या वडिलांचं, संताजी अप्पांचं, दुकान आहे आणि थर्मासातलं रक्त तिथलंच असायचं. सरांना हे माहीत होतं. बाकी कोणाला मी सांगितलं नव्हतं, कारण सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "स्वल्प जपून. घरचं इथे बोलू नकोस."

सुरुवातीला शुभंकरसाठीही मीच रक्त आणायची. ऑगस्टपासून तो म्हणाला, माझं वेगळं आणतो, राजाजीनगरच्या दुकानातून, म्हणजे दोघांचे प्रयोग स्वतंत्र राहतील. सरांनी कौतुक केलं. सरांचा नियम होता की रक्त त्याच दिवशीचं हवं, आदल्या दिवशीचं चालणार नाही, आणि आणल्याबरोबर रक्ताच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, दुकान लिहायचं. बोकडाची पेशी नाजूक, शिळी झाली की आपोआपच फाटते.

त्या संध्याकाळी मी ते रजिस्टर घेऊन बसले. माझ्या हाताचा दोष शोधायला, आणखी कशाला! माझ्यात आणि त्याच्यात फरक काय, रक्त आणायला उशीर होतो का, बाटली वेगळी असते का. एकेक ओळ वाचत गेले. आणि दोन ऑक्टोबरला थांबले.

शुभंकरच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ताजं रक्त, सकाळी साडेसहा, राजाजीनगर. पुढे प्रयोग, चोवीस तासांचे आकडे, सरांची सही. वर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'सुट्टीच्या दिवशीही काम, शाबास.'

दोन ऑक्टोबर! गांधी जयंती! त्या दिवशी बेंगळूरात बोकड कापत नाहीत. कॉर्पोरेशनची बंदी असते, शटर अर्धं वर दिसलं तरी माणसं येऊन दुकान सील करतात. अप्पा त्या दिवशी नऊपर्यंत झोपतात, मग सुऱ्यांना तेल लावतात. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आयुष्यात एकदा जरी मटणाच्या दुकानाची पायरी चढला असता तर शुभंकरने दुसरी कुठलीही तारीख लिहिली असती.

मी मागची पानं उलटली. गणेश चतुर्थीलाही त्याच्याकडे ताजं रक्त! त्या दिवशीही तीच बंदी. अरे चोरा! रक्तच नाही, पेशी नाही, पिशवी नाही, आणि तिच्यात औषध मात्र चोवीस तास टिकतंय. सगळे आकडे खोलीत बसून लिहिलेले. आणि हात खराब कोणाचा, तर माझा.

सकाळी सरांच्या खोलीत गेले. शुभंकरलाही बोलावून घेतलं. पान उघडून बोट ठेवलं आणि कारण सांगितलं.

शुभंकरचा चेहरा पिठासारखा झाला. "मे बी... मी आदल्या दिवशीचं वापरलं असेल."

"ताजं लिहिलंयस. वेळ लिहिलीयस. वाच ना, मोठ्याने वाच!"

सरांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, आता उठतील, त्याच्या कानाखाली देतील. तेवढं नाही तरी ओरडतील. मी वाटच बघत होते.

सरांनी खण उघडला, करेक्शनची पांढरी शाई काढली आणि दोनच्या आकड्यावर फिरवली. मग त्यावर फुंकर मारली.

"तीन लिही," ते मला म्हणाले. "चतुर्थीचंही बघून घे, कुठली तारीख चालेल ते तुलाच माहीत. परीक्षकांतही कोणी मटण खाणारा असला तर पंचाईत नको."

"सर, पिशवी गळते. ते औषध माणसाच्या अंगात जाणार आहे!"

"ते पुढे बघू. तू लिही, तुझाही प्रबंध या महिन्यात पाठवतो. आणि हे बंदीबिंदीचं बाहेर बोलू नकोस. कसं कळलं विचारतील. तुझ्या घरचं मी तीन वर्षं झाकलंय, ते उपकार विसरू नकोस."

उपकार! माझ्या बापाच्या दुकानातलं रक्त तीन वर्षं वापरलं, आणि बापाचं नाव झाकलं हे उपकार!

मी पेन घेतलं. शाई अजून ओली होती, म्हणून शेजारच्या समासात लिहिलं: '२ ऑक्टोबर. शहरातली सगळी मटण दुकानं बंद. रक्त नाही, प्रयोग नाही. तारीख आज सरांनी खोडली.' खाली गणेश चतुर्थीचंही लिहिलं. आणि सही केली, ठळक: कस्तुरी, संताजी यांची मुलगी, मटण दुकान, चामराजपेट.

"पान फाडेन मी," सर म्हणाले.

"फाडा. पानांवर क्रमांक छापलेले आहेत, फाडलेलं कळेलच. आणि मी आत्ताच मुख्य ऑफिसात जाऊन हेच तोंडी सांगणार आहे. कसं कळलं विचारलं तर बापाचं नावही सांगणार आहे."

"तुझ्या प्रबंधावर माझी सही होणार नाही. कधीच नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणाले आणि दार उघडलं.

जिन्यात कठड्याला धरून पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडले, रागाने आणि तीन वर्षांसाठी. मागून शुभंकर हलक्या आवाजात हाक मारत होता, अगं थांब, आपण बोलू. मी डोळे पुसले आणि ऑफिसकडे चालायला लागले.