बिनआवाजाचं कार्ड

संगणकाच्या नव्या भागांवर रोखठोक लिहिते म्हणून वाचकांनी तिचं नाव ‘करवत’ ठेवलं होतं. आज तिच्या टेबलावर नवंकोरं ग्राफिक्स कार्ड होतं आणि फोनवर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा माणूस.

“मॅडम, कार्डाचे पंखे आवाज करतात एवढं लिहू नका. खोक्यावर ‘बिनआवाजाचं’ असं छापलंय आम्ही.”

“छापलंत म्हणून मी बहिरी होऊ? फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली दाबलं, तरी गेम सुरू केला की हे घरघरतंच.”

“तुमचे कान फार तिखट आहेत. सामान्य माणसाला नाही येत ऐकू. असंच लिहिणार असाल, तर पुढचं कार्ड पाठवायचं का, ते बघावं लागेल.”

“खुशाल बघा. मी दुकानातून विकत घेईन, पण लिहायचं तेच लिहीन.”

तिने फोन ठेवला खरा, पण मनात पाल चुकचुकली. खरंच आपलेच कान तिखट असले तर? तिने पुन्हा सगळं बंद केलं, दार ओढून घेतलं आणि गेम लावला.

पलीकडच्या खोलीतून सासरे ओरडले, “सूनबाई, तो मिक्सर बंद कर गं! माणसाला झोपू देशील की नाही?”

तिने कीबोर्ड पुढे ओढला. सासऱ्यांचं वाक्य जसंच्या तसं लेखाच्या डोक्यावर टाकलं आणि खाली लिहिलं: ‘मत एका सामान्य माणसाचं. वय ऐंशी, दोन्ही कानांनी ठार बहिरा.’