खात्रीलायक बातमी

इन्स्पेक्टरने साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच चष्मा पुसला आणि मग नोंदवही उघडली.

बचावाच्या वकीलबाईंनी प्रश्न साधाच विचारला होता. भर दुपारी चौकातून शेकडो माणसं जात असताना नेमका हा लिफ्ट दुरुस्त करणाराच का अडवला? तो पळाला नव्हता की बावचळला नव्हता. बारा वर्षं त्याच रस्त्याने कामावर जात होता.

"खात्रीलायक बातमी होती," इन्स्पेक्टर म्हणाला.

ती कोणी दिली हे मात्र तो सांगेना. वकीलबाईंनी तोच धागा धरला. बातमी देणारं कोणी नव्हतंच, संशय मागाहून रचला. आणि मुळात अडवणंच बेकायदा असेल तर झडती आणि अटकही टिकत नाही, असं त्यांनी न्यायाधीशांच्या जवळजवळ गळी उतरवलं. आरोपीच्या पिंजऱ्यात लिफ्टवाल्याच्या जिवात जीव आला.

तेव्हा इन्स्पेक्टरने बातमी मिळताच, अडवण्याआधी केलेली नोंद वाचून दाखवली. हत्यारांची पिशवी. डावीकडचं अस्तर, त्याला नवी शिवण. आत अमली पावडरच्या चार पुड्या.

लिफ्टवाल्याने मागे वळून बघितलं. ती शिवण अटकेच्या दिवशी सकाळीच घातली होती, आणि घालणारी शेवटच्या बाकावर बसली होती. त्याची ताई. आईच्या माघारी तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती खाली फरशीकडे बघत होती. दाराशी, माल ज्याचा होता तो माणूस कान देऊन उभा होता.

वकीलबाई जवळ येऊन कुजबुजल्या, आता बातमी देणाऱ्याच्या नावाचा आग्रह धरते, कोर्टाला ते मागवावंच लागेल.

"नका विचारू," तो म्हणाला.

आपण चुकीचं ऐकलं असं त्यांना वाटलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी कागद आवरले आणि त्याच्याकडे न बघता जाऊन बसल्या.

बाहेर व्हरांड्यात हवालदाराने बहीणभावाला दोन मिनिटं दिली.

"अस्तर उसवलंस तेव्हा सापडलं?"

ताईने मान डोलावली.

"मग परत शिवलंस कशाला?"

"नाहीतर तुला कळलं असतं." तिने पदराने ओठ टिपले. "पोलीस मला म्हणाले होते, समज देऊन सोडतील."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याने तो सावकाश बाजूला केला.

"मागच्या जिन्याने जा," तो म्हणाला, आणि हवालदाराच्या पुढे होऊन चालू लागला.