कडक की मऊ

“काका, खरं सांगा, ही गाडी आहे का रोड रोलर?” धैर्यशीलने पुढच्या चाकामागच्या स्प्रिंगवर टॉर्च मारत विचारलं.

ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये गुरुनाथ पेठकरची गाडी लिफ्टवर चढवलेली होती. लाल, दोन सीटांची, वीस वर्षं जुनी जपानी स्पोर्ट्स कार. साठीचा गुरुनाथ तिच्या पोटाखाली उभा राहून मान वर करून बघत होता, घरातल्या माणसाचा एक्स-रे बघावा तसा.

“पुढे नऊ किलोच्या आहेत. मागे सात,” तो म्हणाला.

“नऊ?” धैर्यशीलने टॉर्च बंद केला. “कंपनीची स्प्रिंग तीन किलोला एक मिलिमीटर दबती. ह्या ट्रॅकवरच्या आहेत ओ. तुम्ही कुठं रेस मारताय? माउंट रॉस्किलच्या घरापास्नं कोथिंबिरीच्या दुकानापर्यंत?”

धैर्यशील कोल्हापूरचा. तोंडावर बोलायचा आणि काम चोख करायचा, म्हणून गुरुनाथ त्याच्याकडे आला होता. एरवी स्वतःच्या गाडीला त्याने दुसऱ्याचा हात लागू दिला नसता. भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्याने शॉकअप तपासले होते. मशीनचा आकडा यायच्या आधी तळहाताने दांडा दाबून तो सांगायचा, हा ढिला, हा बरोबर, हा परत पाठव. आकडा मागाहून यायचा आणि त्याचंच ऐकायचा. मॅनेजर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. पेठकरांचा हात बघा म्हणायचे.

तो हात इथे कोणी विचारला नाही. न्यूझीलंडचा व्हिसा आला तो विनयाच्या नर्सिंगवर. तिच्या कागदाला टाचलेला कागद म्हणून गुरुनाथ आला. डिप्लोमा इथे चालत नाही असं तीन ठिकाणी गोड हसून सांगितल्यावर तो एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिला, ते अकरा वर्षं. विनया हॉस्पिटलात बारा-बारा तास उभी, शंभर-शंभर किलोची माणसं कुशीवर वळवणारी. घर तिने चालवलं. देवयानीचं कॉलेज तिने केलं. आणि मंडळाच्या गणपतीत “वहिनींनी आणलं हो तुम्हाला इकडे” असं कोणी गमतीने म्हटलं की गुरुनाथ आठवडाभर घुमा. ह्या घुमेपणातून गाडी आली. छंद वगैरे त्याने लोकांना सांगितलं. छंद कसला? राग होता तो, लाल रंग दिलेला.

“हे बघा,” धैर्यशील बोटांवर मोजत म्हणाला. “नुसता शॉकअपचा नॉब ढिला करायचा, ते बिनकामाचं. स्प्रिंगच दगड आहे. दुसरं, चार-पाच किलोच्या स्प्रिंगा घालू, वर नॉबवाले शॉकअप, गाडी जरा उचलू. बदलाच्या सरकारी सर्टिफिकेटचं मी बघतो. वळणावर मजा ऱ्हाईल, धक्काबी कमी. तिसरं, सरळ कंपनीचं ओरिजिनल. पाळणा. मजा गेली, पण बसणाऱ्याला झोप लागंल. आता शेजारी बसणार कोण, ते सांगा.”

“बायको.”

“काकी? त्या तर पोरिरुआला असतात ना, लेकीकडं?”

“आणायला चाललोय.”

चौदा महिने झाले होते. देवयानीचं बाळंतपण म्हणून गुरुनाथने विनयाला ह्याच गाडीतून खाली पोरिरुआला नेलं होतं. सव्वासहाशे किलोमीटर, खरबरीत डांबराचे रस्ते. वाटेत ती एकदाही कुरकुरली नाही. अर्ध्या वाटेवर ताउपोला उतरली तेव्हा दाराला धरून उभी राहिली, डोळे मिटून. गुरुनाथ तिला सांगत होता की वळणावर गाडी कशी तसूभर कलत नाही. पोरिरुआला पोचल्यावर तिला सरळ होता येईना. जावयाने हात धरून आत नेलं. “पुढच्या महिन्यात येते,” ती म्हणाली. मग बाळाचे दात, मग देवयानीचा जॉब, मग थंडी. आता नात पाळणाघरात जायला लागली होती आणि सांगायला कारण उरलं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता येतं.

गुरुनाथने मनाशी पक्कं केलं होतं की ती गाडीला घाबरते. जे आपल्याला दुरुस्त करता येतं तेवढंच बिघडलंय, असं माणूस सोयीने धरून चालतो. बसची सोय होती, विमानाचीही होती. त्याने तो विचार जवळ येऊ दिला नाही.

“त्यांनाच विचारा की,” धैर्यशील म्हणाला. “पाठ त्यांची हाय.”

गुरुनाथने फोन लावला. हात तेलकट होते म्हणून स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला.

“बोला,” विनयाचा आवाज आला. मागे कोणीतरी इंग्रजीत नाव पुकारत होतं.

“ऐक ना, दुकानात उभा आहे. कडक घेऊ की मऊ?”

विनया हसली. मनापासून हसली, बऱ्याच दिवसांनी.

“ह्या वेळी तरी गादी आहे का हो?”

“कसली गादी? सस्पेन्शन, गाडीचं.”

“तेच म्हटलं. मागच्या वेळीही अस्संच विचारलं होतंत, दुकानातून. कडक घेऊ की मऊ. मी नुकती ड्यूटीवरून आले होते. म्हटलं, कडकच घ्या, डॉक्टर म्हणालेत.”

गुरुनाथला ते आठवत होतं. ‘डॉक्टर म्हणालेत’ ही विनयाची थट्टा आहे असं त्याला वाटलं होतं. काउंटरवरच्या पोराला त्याने ती भाषांतर करून सांगितली होती आणि दोघे हसले होते.

“मला वाटलं गादी आणताय,” ती पुढे म्हणाली. “चार महिने मागे लागले होते ना मी. मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या खड्ड्यात झोपू नका. मी तर जुनी गादी ओढत गॅरेजमध्ये नेऊन टाकली. खोली झाडून घेतली. आणि तुम्ही आलात चार खोकी घेऊन.”

“मग बोलली का नाहीस?”

“इतके खूश होतात. चहा न घेता गॅरेजात गेलात.” मागून पुन्हा नाव पुकारलं गेलं. “ठेवते. मऊ घ्या. मला काय, कसंही.”

फोन बंद झाला. धैर्यशील पाठ फिरवून उगाच पाने-पकडी जागच्या जागी लावत बसला होता. गड्याला एवढं कळत होतं.

“ओरिजिनल घाल,” गुरुनाथ म्हणाला. “पाळणा.”

घरी गेल्यावर तो आधी गॅरेजात गेला. गादी तिथेच होती. अर्धीच. त्या संध्याकाळी गॅरेजात आयती गादी बघून त्याला केवढा आनंद झाला होता. गाडीखाली निजायला उत्तम. धारदार सुरी घेऊन त्याने ती मधोमध कापली आणि अर्धी अंगाखाली घेऊन रात्रीपर्यंत नऊ किलोच्या स्प्रिंगा बसवल्या. आत विनया गोधडी घालून जमिनीवर झोपली होती. ‘डॉक्टरांनी सांगितलं असेल,’ असं त्याने धरलं. विचारलं नाही. पुढे दीड वर्ष ती तशीच जमिनीवर झोपली आणि तो सोफ्यावर, तेव्हाही विचारलं नाही. हजारो शॉकअपांवर तळहात ठेवून रोग ओळखणारा हा माणूस. बायकोच्या पाठीवर त्याने तळहात ठेवला नव्हता.

गादीवर तेलाचे काळे डाग होते. ती तिच्याच बाजूची अर्धी होती. डागांखाली खड्डा अजून दिसत होता.

शनिवारी पहाटे तो निघाला. गाडी खरंच पाळणा झाली होती. टोकोरोआच्या पुढच्या वळणांवर ती झुलायची, लाटेवरच्या होडीसारखी. एके काळी त्याने अशा गाडीला शिव्या घातल्या असत्या. आज शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत तो खड्डे हुडकून त्यांच्यावरून गाडी घालत होता आणि सीट किती हलते ते पाहत होता. सीटवर त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा डबा ठेवला होता, झाकण न लावता. ताउपोपर्यंत थोडंसंच सांडलं.

पोरिरुआला देवयानीने दार उघडलं. “हाय बाबा. आई येईलच, शी इज ॲट वर्क.”

“वर्क? कुठलं?”

देवयानीने त्याच्याकडे पाहिलं. “क्लिनिकमध्ये. तीन दिवस. सिन्स मार्च. तिने सांगितलं नाही तुम्हाला?”

“सांगितलं असेल,” गुरुनाथ म्हणाला.

विनया आली ती चालत. गळ्यात बिल्ला, पायात साधे बूट, पाठ ताठ. गाडी पाहून थांबली. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर तिने पंजा ठेवून दाबलं, नर्स पोट दाबून बघते तसं. गाडी खाली गेली आणि सावकाश वर आली.

“खरंच मऊ केलीत की.”

“चल, एक चक्कर.”

सीटवरचा डबा उचलून मांडीवर घेत ती बसली. खाडीच्या कडेच्या रस्त्याने त्याने गाडी इतकी हळू चालवली की मागच्याने दोनदा हॉर्न दिला. ओहोटीच्या चिखलात काळे-पांढरे पक्षी उभे होते.

“पाठ?” त्याने विचारलं.

“बरी आहे. इथे आल्यापासून बरी आहे.”

“ते गादीचं... मला कळलंच नव्हतं.”

“माहितीये.”

“विनया, माझं चुकलं.”

हे वाक्य लग्नाच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आलं होतं. तिने मान हलवली. पाण्याच्या डब्याचं झाकण शोधून तिने ते नीट लावलं आणि डबा पायाशी ठेवला.

“खूप छान केलीत गाडी,” ती म्हणाली. “धक्काच जाणवत नाही. आता घरी जाऊ या?”

पुढच्या चौकात ऑकलंडची पाटी होती. त्याने उजवीकडचा इंडिकेटर दिला. टिक टिक टिक. तिची बॅग काय, मागाहून आणता येईल. आत्ता निघालो तर वाटेत मुक्काम करू, कडक गादीचं मोटेल बघून.

“अहो, डावीकडे,” विनया हलकेच म्हणाली. “रस्ता विसरलात का? घर तिकडे आहे.”

त्याने इंडिकेटर बदलला.

जेवण झालं. नात त्याच्या मांडीवर झोपली, देवयानीने तिला उचलून नेलं. “तुम्ही माझ्या खोलीत पडा जरा, एवढं ड्राइव्ह केलंय,” विनया म्हणाली आणि भांडी घासायला लागली. तो करू लागतो म्हणाला तर म्हणाली, “राहू द्या, सवय नाही तुम्हाला.” त्यात टोमणा नव्हता.

खोली लहान होती. खिडकीत तुळशीची कुंडी, खुंटीला गणवेश, भिंतीला लागून एकच पलंग. गादी नवी होती, तिने स्वतः घेतलेली. चादर कोपऱ्यांत हॉस्पिटलातल्यासारखी दुमडलेली.

गुरुनाथ पडला नाही. वाकून त्याने गादीवर तळहात ठेवला, भोसरीत ठेवायचा तसा, बोटं पसरून, खांद्याचं वजन देऊन. दाबलं. मनात तीन आकडे मोजले. हात उचलला.

गादीवर ठसा उमटला नव्हता.

“बरोबर घेतलीस,” तो रिकाम्या खोलीत म्हणाला आणि चादरीला पडलेली चुणी दोन बोटांनी सारखी केली.