वेलोआची लोकसंख्या

दोन हजार पाच साली वेलोआ नावाच्या बेटाची सगळी अर्थव्यवस्था माझ्या टेबलावर होती, जर्मनीतल्या एश्बॉर्नमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. अख्ख्या देशाचे आकडे चार: खोबरं, मासळी, आयात तांदूळ आणि लोकसंख्या. कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा अहवालसुद्धा याहून जाडजूड असतो. तिथल्या सरकारी कचेरीतला तेओ दर महिन्याला हाताने लिहून फॅक्स करायचा आणि मी ते सिस्टिममध्ये भरायचे. तांदूळ तीस टनांच्या खाली गेला, की आमचं ऑफिस मदतीचं जहाज पाठवायचं.

एप्रिलचा फॅक्स आला नाही. फोनही लागेना. सिस्टिम रिकामा रकाना घेत नाही, आणि मुदत चुकली की जर्मन साहेब कसा बघतो ते इथे राहिलेल्यालाच कळतं.

"मालिनी, रीडिंग बनव ना," शेजारच्या टेबलावरचा चारुदत्त म्हणाला. "इंजिनिअरिंगला जर्नल कशी पूर्ण केलीस? उत्तर आधी, रीडिंग नंतर!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणून मी हसलेसुद्धा. आता लाज वाटते. तांदूळ ३८.४ टन लिहिला. मेमध्ये ३७.९, जूनमध्ये ३८.७. आकडे अगदी सारखे असले की खोटे दिसतात, एवढं कॉलेजात शिकले होते. लोकसंख्या मात्र मार्चचीच ठेवली, २१४०. एवढ्याशा बेटावर तीन महिन्यांत काय असं आभाळ कोसळणार होतं?

जुलैतल्या एका शुक्रवारी, सगळे एकमेकांना 'मालत्साइट' म्हणत जेवायला निघालेले असताना फॅक्स आला. अक्षर तेओचं. एप्रिल ३८.४, मे ३७.९, जून ३८.७. माझे आकडे या इमारतीबाहेर कुणीच पाहिले नव्हते.

मी लगेच फोन लावला, तर पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"तेओ, तांदूळ आला का?" मी इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही लिहिलंत ना, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही धक्क्यावर जातो, पोती उतरवतो. वजन बरोबर भरतं. उघडली की आत काही नसतं."

"मग खाता काय?"

"भूकच लागत नाही. एप्रिलपासून कुणालाच नाही. कुणी मरतही नाही. रोज संध्याकाळी माणसं मोजतो, दोन हजार एकशे चाळीस. माझी बायको एप्रिलमध्ये बाळंत व्हायची होती. कळा येतात आणि थांबतात. तुमच्या आकड्यात बाळाला जागा नाही, मॅडम."

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त स्वतःचीच चीड आली. जुलैचा रकाना रिकामा होता. मी २१४१ लिहिलं.

"आल्झो, म्हणजे हा एक कुठून आणलास?" चारुदत्तने वाकून विचारलं. मी एंटर दाबलं.

पलीकडे एक बाई किंचाळली. मग बराच वेळ नुसती खरखर, आणि तिच्यातून बाळाचं रडणं.

"मुलगी," तेओ म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज कापत होता. "मॅडम, आईला दूध नाही. आणि हिला भूक लागलीय."

मी तांदळाचे तिन्ही आकडे पुसून तिथे शून्य लिहिलं, म्हणजे मदतीचं जहाज निघेल. वेलोआला जहाज पोचायला सहा आठवडे लागतात.