बाकं वाजली

विक्रांत टिपणीसला एकच गोष्ट मनापासून हवी होती आणि ती त्याने बायकोलाही कधी धड सांगितली नव्हती. त्याला फळ्यासमोर उभं राहून शिकवायचं होतं. बोटीवर चीफ इंजिनियर झाला, बोट सोडून सिंगापुरात पंप दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मॅनेजर झाला, तिथल्याच तोआ पायोह भागात फ्लॅट झाला. पण पुण्यातला थोरला भाऊ परेश, डॉक्टरेट केलेला निवृत्त प्राध्यापक, येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगायचा, "आमचा धाकटा ना, तो बोटीवर असतो." बोट सोडून वर्षं लोटली होती, पण दादाच्या लेखी विक्रांत अजून समुद्रातच गटांगळ्या खात होता.

आणि मग जर्मनी चालून आली. उत्तर जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या युनिव्हर्सिटीशी कंपनीचे जुने संबंध होते. तिथली पोरं एक सेमिस्टर इकडे कंपनीत कामाला यायची, कंपनीच्याच मशिनांवर प्रबंध लिहायची. तिथे शिकवायचं तर माणसाने आधी कारखान्यात हात काळे केलेले हवेत, असा त्यांचा दंडकच. तिथल्या प्रोफेसर लोमानबाईंना इकडे येणाऱ्या पोरांना पंप हा विषय शिकवायला कंपनीतलंच कुणीतरी हवं होतं. साहेबांनी विक्रांतचं नाव सुचवलं. एक व्याख्यान देऊन दाखवायचं, ते आवडलं की काम झालं.

आता माणसाने थोडा धीर धरावा की नाही? छे! विक्रांतने महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या लोकांना सांगून टाकलं. लिटिल इंडियात कोथिंबीर निवडताना भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. शेवटी दादाला फोन लावला.

"काय नाव म्हणालास? युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस?" दादा म्हणाला. "अप्लाइड म्हणजे नुसतं अप्लाय केलंय ना रे? मिळालंय कुठे अजून?"

विक्रांतने दादाला समजावून सांगितलं. फार वेळ सांगितलं. "असू दे, असू दे," दादा म्हणाला, तेव्हा तर विक्रांतच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

व्याख्यान शनिवारी दुपारी होतं, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, युनिव्हर्सिटीने भाड्याने घेतलेल्या एका वर्गात. सिंगापूरच्या उकाड्यात विक्रांतने ब्लेझर घातला. प्रोफेसर दिसायला नको? लिफ्टच्या आरशात त्याला घामेजलेला लग्नाचा बँडवाला दिसला, पण परत फिरायला वेळ नव्हता.

वर्गात दहाबारा जर्मन मुलं-मुली आणि मागे लोमानबाई. विक्रांतने पिशवीतून एका पंपाचा फुटका पंखा काढून टेबलावर ठेवला. हा पंखा त्याच्या ऑफिसात कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असायचा, आणि तो वाळूने कसा कुरतडला गेला ही कथा त्याने येईल त्याला ऐकवली होती. तीच आज रंगवून सांगितली. फळ्यावर आकृती काढली. दोन विनोद केले. कुणी हसलं नाही, एका मुलाने मात्र विनोदही वहीत उतरवून घेतला. तरी गाडी बरी चालली होती. "थँक यू," म्हणून तो थांबला.

आणि बाकं वाजायला लागली.

आधी एक, मग दोन, मग सगळी. ठकठक, ठकठक. आणि मागे लोमानबाईसुद्धा! विक्रांतच्या पायाखालची जमीन सरकली. बाकं वाजवणं म्हणजे काय हे सांगलीच्या कॉलेजात शिकलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. बाकं वाजली म्हणजे मास्तर, पुरे झालं, आता निघा. पण तिथे निदान प्राचार्य तरी बाकं वाजवत नसत!

"सॉरी, सॉरी," असं पुटपुटत त्याने रिकामी पिशवी उचलली आणि तो अक्षरशः पळाला.

खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी कोपी, म्हणजे तिथली कडक कॉफी, समोर घेऊन तो बसला. त्यांनी हाकलायच्या आत आपणच सोडलेलं बरं, निदान अब्रू तरी राहील, असं ठरवून त्याने लोमानबाईंना मेसेज केला, की मी माझं नाव मागे घेतो, तुम्ही योग्य माणूस शोधावा. आता यावर कुठलाही भला माणूस म्हणतो, अहो असं काय करताय, घरी या, बोलू. बाईंचं उत्तर कोपी निवायच्या आत आलं. "आम्हाला वाईट वाटतं. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो."

"अगं बाई, एकदा तरी आग्रह करशील की नाही?" विक्रांत हातातल्या फोनकडे बघून ओरडला. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांनी आपली ताटली जरा लांब सरकवली.

घरी बायको नीलिमा आणि मुलगी श्रिया वाट बघत होत्या. "मीच नाही म्हणून सांगितलं," विक्रांत ब्लेझर सोफ्यावर फेकत म्हणाला. "लायकीच नाही त्यांची. बाकं वाजवतात!"

श्रियाच्या पॉलिटेक्निकमध्ये जर्मन मुलं येऊन गेली होती. तिने मान वर केली. "बाबा, कशी वाजवली? फुल हॅंडने की अशी, नकल्सने?"

"अशीच. बोटांच्या पेरांनी."

"अय्यो, दॅट्स क्लॅपिंग, लाह! ते लोक लेक्चर आवडलं की टेबल नॉक करतात. यू रॅन अवे फ्रॉम युअर ओन क्लॅपिंग?"

विक्रांत मटकन खाली बसला. नीलिमाला हसू आवरेना, पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती गप्प झाली. तो रडकुंडीला आला होता.

"फोन कर त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? घरी कुणीतरी आजारी पडलं म्हणू?"

"जे झालं ते सांग. आणि विक्रांत, हवंय ना तुला? मग हवंय म्हण. कुणीतरी ताटात आग्रहाने वाढेल म्हणून बसू नकोस."

फोन लागला. विक्रांतने सुरुवात केली, "तुम्हाला माणूस मिळायला काही अडचण येत असेल तर..."

"नाही, अडचण काही नाही," लोमानबाई म्हणाल्या. "दुसरे एक गृहस्थ तयार आहेत."

विक्रांतने डोळे मिटले. "मॅडम, माझ्या कॉलेजात बाकं वाजवून शिक्षकाला हाकलायचे. तुम्ही मला हाकलताय असं मला वाटलं. मला शिकवायचं आहे. खूप दिवसांपासून शिकवायचं आहे."

बाई म्हणाल्या, "मग तुमचा मेसेज मी वाचलाच नाही असं समजा. पण लगेच या. तुमचा तो पंखा इथेच राहिलाय आणि मुलं त्याच्यावरून भांडतायत. योहानाचं म्हणणं आहे की तुम्ही सांगितलं ते चूक आहे."

"चूक?" विक्रांत ताडकन उठला. "कोण ही योहाना?"

ब्लेझर तसाच टाकून, घरातल्या चपला घालून तो धावत निघाला. बोटीवर अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला ही कालची पोर शिकवणार! जिन्यातून उतरताना त्याने तिला मनातल्या मनात चांगलीच झापली.

वर्गात सगळे टेबलाभोवती गोळा झाले होते. चष्मेवाली, किडकिडीत योहाना त्याला बघून जरा घाबरली, पण हटली नाही. तिने पंखा उचलून उलटा धरला. "वाळू असती तर पुढची बाजू घासून गुळगुळीत झाली असती, सर. इथे मागची बाजू स्पंजासारखी झालीय. हे पाण्यात फुटणाऱ्या बुडबुड्यांनी केलंय. तुम्ही कधी उलटा करून पाहिला होता?"

विक्रांतने पाहिलं. कागदांवर ठेवताना मागची बाजू कायम खाली असायची. इतकी वर्षं त्याने ती वाळूची कथा साहेबांना, पाहुण्यांना, मंडळातल्या लोकांना ऐकवली होती, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. यातल्या एकालाही पंखा उलटा करून बघावासा वाटला नव्हता, कारण कुणी ऐकतच नव्हतं.

त्याला लाज वाटत होती, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद होत होता.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," तो म्हणाला. त्याने फळ्यावरची आपली आकृती हातानेच पुसून टाकली आणि खडू योहानापुढे धरला. "काढ. मी मागे बसतो."