पावसाची जागा

एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या त्या ऑगस्टमध्ये तर मी जेवायचोही उभ्याने. कुवेतमध्ये बनेद अल-गारच्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. बाकीचे म्हणायचे, काशिनाथ, बस रे बाबा, तुला बघून आम्हाला दम लागतो. मी बसायचो आणि दोन मिनिटांनी खिडकीची कडी बघायला उठायचो. कडीला काही झालेलं नसायचं.

कारण एकच होतं. कुडाळजवळच्या आमच्या गावात माझी बायको शैला पोटुशी होती, आणि हे तिचं तिसरं बाळंतपण. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं चार दिवस जगलं. दोन्ही वेळा मी कुवेतला कुणाच्या तरी कपाटाला बिजागऱ्या लावत होतो आणि बातमी फोनवर कळली. मी तिथे असतो तर मुलं वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण त्या बाईने ते दोनदा एकटीने सोसलं. तिसऱ्यांदा तिला एकटीला ठेवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. डॉक्टरांनी सप्टेंबरचा पहिला आठवडा सांगितला होता.

घोडं अडलं होतं रजेवर. करारात रजा दोन वर्षांतून एकदा, आणि मी डिसेंबरातच जाऊन आलेलो. मालकाला सगळे अबू यूसुफ म्हणायचे, म्हणजे यूसुफचा बाप. तिकडे थोरल्या मुलाच्या नावानेच बापाला हाक मारतात. आम्ही कामगार त्याला तोंडावर बाबा म्हणायचो. रुमैथियाला घर, शुवैखला सुतारकामाचा कारखाना, आणि आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. माणूस वाईट नव्हता. पण रजेचा विषय काढला की 'बाचर' म्हणायचा. बाचर म्हणजे उद्या. दोन महिने माझा उद्याच चालला होता.

मला अरबी कामापुरतीच यायची, त्यामुळे माझ्या वतीने मजीद बोलायचा. मजीद दाभोळचा, कारखान्याची गाडी चालवायचा. वीस वर्षं कुवेतला काढलेली, अरबी अशी बोलायचा की अरबही मान डोलवायचे. मी तावातावाने दहा वाक्यं बोलायचो आणि तो त्याची एक मऊशी ओळ करायचा. मला वाटायचं, भाषाच तशी आटोपशीर असेल.

एक दिवस मालक कारखान्यात एक लांब पिशवी घेऊन आला. आतून रायफल निघाली. दर गोळीमागे हाताने बोल्ट मागेपुढे करायची, साधी, स्वस्तातली. विद्यार्थी असताना त्याने ती दुकानातली सर्वांत कमी किमतीची म्हणून घेतलेली. बोल्ट त्याने आधीच काढून खिशात ठेवला होता. नेमबाजीच्या क्लबात तो आणि त्याचा चुलतभाऊ अब्बास दर आठवड्याला जायचे. अब्बासची रायफल जर्मन. याच्या पहिल्या दोन गोळ्या नीट जायच्या आणि मग नेम वर-उजवीकडे सरकत जायचा. "अब्बास सगळ्यांसमोर हसतो," मजीदने सांगितलं. "म्हणतो, बंदूक स्वस्त नाही, हात स्वस्त आहे."

म्हणजे आपलं नाचता येईना अंगण वाकडं. मी रायफलचा लाकडी दस्ता हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं, अंगण खरंच वाकडं होतं. लोखंडी नळी ज्या लाकडी खोबणीत बसते ती खोबण कारखान्यात कशीतरी कोरलेली. डावीकडे नळी लाकडाला घासत होती, उजवीकडे मुंगी फिरेल एवढी फट.

"होईल," मी म्हणालो.

मालकाने माझ्याकडे बघितलं. मग तो जे बोलला ते मजीदने शब्दन् शब्द सांगितलं. "या महिन्याचा शेवटचा गुरुवार. पन्नास मीटरवर पाच गोळ्या, शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकल्या पाहिजेत. अब्बाससमोर. झाकल्या, तर शुक्रवारी तू विमानात."

"ज़ेन!" मी ओरडलो. ज़ेन म्हणजे छान. मजीदचं बोलणं संपायच्याही आधी.

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी सागाची पातळ पट्टी कापली, खोबणीत चिकटवली, आणि पॉलिश पेपरने घासून नळी अशी बसवली की दोन्ही बाजूंनी केस जाणार नाही. बारा वर्षं त्या देशात माझं नाव होतं ते याच गोष्टीसाठी. काशिनाथचा सांधा म्हणजे केस जात नाही. मालकाने बोटाने चाचपून बघितलं आणि खूश झाला. मी बॅगेत शैलासाठी घेतलेली दोन पातळं भरली. इतकी घाई करायला नको होती.

शेवटच्या गुरुवारच्या आठवडाभर आधी क्लबात चाचणी झाली. पहिली गोळी बरी गेली. नंतरच्या चार टारगेटवर अक्षता टाकाव्या तशा पडल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पूर्वी निदान दोन तरी नीट जायच्या. मालकाने रायफल माझ्या हातात दिली. पुढच्या गुरुवारला सात दिवस होते. मी बॅग उघडून पातळं बाहेर काढली, परत घडी केली, परत आत ठेवली. रूममधल्यांनी त्या दिवशी मला बस म्हटलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी फोन कार्ड घेऊन बूथवर गेलो. शैला दर शुक्रवारी शेजारच्या लवूच्या घरी फोनजवळ येऊन बसायची. लवू माझा लांबचा चुलतभाऊ.

"कशी आसस?" मी विचारलं.

"आसंय. पाय सुजलेत. आणि तुमचा ता दार फुगला. आठ दिस झाले उघडणा नाय. मागच्या दारान जातंय येतंय."

"फुगला? सागवान ता!"

"सागवान आसला म्हणान काय झाला? केस जाणा नाय इतक्या घट्ट बसयलात. पावसाची जागा ठेवूक नको? मामंजींनी तुमचो कान पिळलो असतो." मग थोडं थांबून, "येतलात ना?"

"येतंय," मी म्हटलं, आणि कार्ड संपलं.

मी रिसीव्हर हातात धरून उभाच राहिलो. मामंजी म्हणजे माझे बाबा. दार बसवताना चौकटीत रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायचे. तिला ते पावसाची जागा म्हणायचे. उन्हाळ्यात लोक हसायचे की सुताराने दार सैल केलं, आणि आषाढात तेच लोक दुसऱ्या सुतारांची दारं खांद्याने ढकलायचे. मला हे दहाव्या वर्षापासून माहीत होतं. पण बारा वर्षं मी पावसाशिवाय सुतारकाम केलं, आणि डिसेंबरात घरी गेलो तेव्हा कुवेतचा सुतार म्हणून मिरवायला तसलंच घट्ट दार बसवून आलो. आणि इथे रायफललाही तेच केलं. गोळ्या झाडल्या की नळी तापते, तापली की फुगते. दस्ता एसीतून ऑगस्टच्या दमट हवेत आला की तोही फुगतो. मी दोघांना एकमेकांच्या अंगावर बसवलं होतं. लाकूड नळीला ढकलणारच.

मी बूथपासून शुवैखच्या बसपर्यंत धावलो. शुक्रवार, कारखाना बंद. पहारेकऱ्याच्या हातापाया पडून आत गेलो.

पट्टी उचकटली. पाइपाला पॉलिश पेपर गुंडाळून खोबण घासत गेलो, पुढच्या टोकापासून मागे जिथे नळी रायफलच्या मुख्य भागात शिरते तिथपर्यंत. खिशात शैलाचं पत्र होतं. ते दुमडून नळीखालून सरकवायचं, अडलं की तिथे परत घासायचं. पत्र एका टोकाकडून दुसरीकडे न अडता जाऊ लागलं तेव्हा शनिवार संध्याकाळ झाली होती. मागचा भाग मात्र हलता कामा नये. तिथे दोन ट्यूब एकत्र करून बनवतात तो दगडासारखा होणारा गोंद भरला, तो लोखंडाला चिकटू नये म्हणून लोखंडावर मेण चोळलं, आणि तो भाग आपल्याच ठशात बसवून सुकू दिला. मागे पक्कं, पुढे मोकळं. दाराचंही तेच असतं, बिजागरी घट्ट आणि कड मोकळी. आतल्या कोऱ्या लाकडाला तेलाचे तीन हात दिले, ओल शिरू नये म्हणून. दोन्ही स्क्रू दरवेळी सारखेच आवळले जावेत म्हणून त्यांच्या डोक्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या.

मालकाने फट बघितली आणि नाक मुरडलं. "सैल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ज़ेन, बाबा, ज़ेन." त्याहून जास्त मला येतच नव्हतं.

गुरुवारी सकाळी क्लबात अब्बास हजर होता. गोरा, हसरा, अत्तर लावलेला. मालक आडवा झाला. एक. बोल्ट मागे, पुढे. दोन. मी चपलेने जमीन उकरत होतो. तिसऱ्या गोळीनंतर नेम सरकतो, मला माहीत होतं. तीन. चार. पाचवीला त्याने इतका वेळ घेतला की मला त्याच्या हातातून रायफल ओढून घ्यावीशी वाटली. पाच.

टारगेट आणलं. पाचही भोकं एकात एक, मधल्या काळ्या ठिपक्याच्या खाली डावीकडे. मालकाने नाणं ठेवलं. झाकली.

"मध्यावर कुठे आहेत?" अब्बास हसला.

"नेमाचा काटा मी फिरवीन," मालक म्हणाला. "लाकूड याचं, आणि याचं लाकूड चुकलं नाही." असं मजीदने मला सांगितलं, आणि त्या क्षणी मी त्या माणसाला काहीही माफ केलं असतं.

तेवढ्यात अब्बासने आपली जर्मन रायफल माझ्या हातात दिली. दोघे काहीतरी बोलले, हसले.

"काय म्हणतो?"

मजीद खाली बघत म्हणाला, "अब्बासची पण करून दे म्हणतो. मग जा. पंधरा दिवस."

माझं डोकं सणकलं. "सांग त्याला! पंधरा दिवसांनी काय मी बारशाला जाऊ की तेराव्याला? सांग, दोन मुलं गेली माझी, बायको एकटी आहे, आणि याने जबान दिली होती. सगळं सांग!"

मजीद मालकाकडे वळला आणि हळूच एक ओळ बोलला. पण त्या ओळीतले दोन शब्द मला कळले. शुग़ल म्हणजे काम. बैत म्हणजे घर.

"तू काय सांगितलंस?"

"हेच की घरी काम आहे."

"आणि दोन महिने काय सांगत होतास?"

"हेच," मजीद म्हणाला, आणि वर अजिजीने, "अरे काशी, अरबासमोर कुणाच्या बायकोची, तिच्या बाळंतपणाची गोष्ट काढतात काय? बेअदबी असते ती. तुझीच इज्जत राखली मी."

त्याला मारायला हात उठला होता, खोटं का बोलू. पण तो खरंच माझ्या भल्यासाठीच बोलत होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं. मी रायफल टेबलावर ठेवली आणि मालकासमोर जाऊन उभा राहिलो. इज्जत गेली खड्ड्यात. आयुष्यात पहिल्यांदा मजीदशिवाय बोललो, कारखान्यातल्या मोडक्या अरबीत.

"बाबा. अव्वल बेबी, मौत. सानी बेबी, मौत. अल्हीन सालिस. हुरमा, घरी, वाहद." पहिलं मेलं, दुसरं मेलं, आता तिसरं, बायको एकटी. मध्ये एक शब्द मराठी गेला, तोही त्याला कळला असावा.

अबू यूसुफ खुर्चीवर बसला. त्याने मजीदला काहीतरी विचारलं. मजीदने होकाराची मान हलवली.

"मला वाटलं, घरी काम म्हणजे छप्पर घालतोयस," मालक शेवटी मजीदच्या तोंडून म्हणाला. "दोन महिने वाटत होतं, छप्पर." मग तो चिडला. माझ्यावर, मजीदवर, स्वतःवर, कळेना. "लेश? का नाही सांगितलंस? माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं!" अब्बासने टेबलावरची आपली रायफल उचलली आणि पिशवीत घातली. दुपारी पासपोर्ट माझ्या हातात होता. मजीदनेच मला शुक्रवारी विमानतळावर सोडलं. उतरताना त्याने खजुराचा डबा माझ्या हातात कोंबला.

मुंबईहून कोकण रेल्वेने शनिवारी दुपारी कुडाळला उतरलो. रिक्षातून घरासमोर आलो. दार नव्हतं. ते बिजागरीपासून उखडून पडवीत आडवं पडलेलं, पहारीचे घाव बसलेलं. घरात कुणी नाही. चूल थंड. मी शैलाला हाक मारली. परत मारली.

लवू मागच्या परड्यातून धावत आला. "दादा, बरा झाला इलास! कुडाळाक सरकारी हॉस्पिटलात आसा वैनी. चेडू झाला. दोघाय बरी आसत."

मी पडवीत त्या दारावरच बसलो.

"गुरवारी सकाळी कळा सुरू झाल्यो," लवू सांगत होता. "वैनी म्होरल्या खोलयेत पडलली. मागचा दार आतसून बंद. ह्या उघडणा नाय. भायरसून आयकू येय, पण आत जावक गावणा नाय. अर्धो तास पहार मारी होतंव. काय दादा, कितक्या घट्ट बसयलास!"

गुरुवारी सकाळी. म्हणजे मी तिकडे पाच गोळ्या मोजत होतो तेव्हा.

हॉस्पिटलात शैला खाटेवर पडून होती. तोंड सुकलेलं, डोळे तेच. मला बघून ती रडली नाही. मीच रडलो. "दार..." मी म्हटलं, "शैला, ता दार माझ्यामुळा..." मी उठलो. खाटेशेजारच्या खिडकीची कडी ढिली दिसत होती.

"खिडकी मरांदे," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. तिने मुलीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. किती घट्ट धरायचं मला कळेना. जरा हात सैल सोडला तशी ती नीट श्वास घेऊ लागली आणि झोपली. संध्याकाळी नर्सने येऊन दिवा लावला, लवू डबा घेऊन आला आणि ठेवून गेला, तरी मी तिथेच बसून होतो.